चॅनल १३: नव्या लॅपटॉपला घरचं वायफाय का दिसत नाही, त्याची पार्श्वभूमी

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा ताईच्या मुलीसाठी नवा लॅपटॉप घेऊन आला. डोंबिवलीला ताईकडे सगळे जमलेलो, फराळ चाललेला, आणि भाची आतल्या खोलीतून ओरडली, "मामा, शेजारच्या सगळ्यांचं नेट दिसतंय, आपलंच दिसत नाहीये!" बघतो तर खरंच, यादीत बिल्डिंगमधली दहा-बारा नावं आणि ताईच्या राउटरचं नाव गायब, आणि त्याच खोलीत त्याच राउटरवर आमचे चार फोन मस्त चालू. लॅपटॉप रीस्टार्ट केला, राउटर बंद-चालू केला, ड्रायव्हर अपडेट केला, काही नाही. तासाभराने राउटरचं पान उघडलं १९२.१६८.१.१ वर आणि वायरलेसच्या खाली एक ओळ दिसली, चॅनल ऑटो, आणि पुढे कंसात १३. तिथेच ट्यूब पेटली. ऑटो काढून ६ केलं, सेव्ह केलं, दिवे लुकलुकले आणि अर्ध्या मिनिटात यादीत सगळ्यात वर ताईचं नेट.

तर हा १३ काय प्रकार आहे ते सांगतो, कारण नव्या लॅपटॉपच्या बहुतेक वायफाय कटकटींच्या मागे असाच कुठलातरी जुना निर्णय असतो, आणि तो माहीत असला की माणूस उगाच लॅपटॉप परत करायला धावत नाही.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतराने चॅनल आखलेत, १ म्हणजे २४१२, ६ म्हणजे २४३७, ११ म्हणजे २४६२. एक चॅनल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा खातं त्यामुळे शेजारशेजारचे एकमेकांवर चढतात आणि एकमेकांना न लागणारे असे तीनच उरतात, १, ६ आणि ११. भारतात, युरोपात १३ पर्यंत वापरतात, जपानने तर १४ वा पण दिला होता (फक्त ८०२.११बी या वायफायच्या जुन्या पद्धतीसाठी). अमेरिकेत मात्र पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागूनच सॅटेलाइट सेवेची जागा आहे, तिकडे सिग्नल सांडू नये म्हणून नियम कडक, म्हणून तिथल्या कंपन्या ११ वरच थांबतात. अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपचं वायफाय कार्ड १२ आणि १३ वर ऐकतच नाही. म्हणजे भाचीचा लॅपटॉप एकदम धडधाकट होता, त्याला फक्त तिकडचा कायदा शिकवून पाठवलेला. पुण्या-मुंबईत निम्म्या घरांत कुणी ना कुणी तिकडून लॅपटॉप आणतं, म्हणून हे आधी सांगितलं.

आता हा पट्टा आला कुठून? अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट १९४५ मध्ये मॅग्नेट्रॉन म्हणजे रडारच्या लहरी तयार करणाऱ्या नळीजवळ वितळलं असं सांगतात, त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला देशादेशांची रेडिओ परिषद झाली, तिथे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी काही पट्टे वेगळे काढले, त्यात २.४५ च्या आजूबाजूचा हा पट्टा होता. म्हणजे ज्या यंत्रांना बोलायचं नाहीये, नुसतं तापवायचंय त्यांच्यासाठीची जागा. रेडिओवाल्यांच्या दृष्टीने ती अडगळ! कोण तिथे महत्त्वाचं काही पाठवणार?

मग १९८५. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार आयोगात मायकल मार्कस नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी लावून धरलं की या अडगळीच्या पट्ट्यात लोकांना लायसन्सशिवाय बोलू द्या, फक्त सिग्नल रुंद पसरवून पाठवा म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास कमी होईल. त्या वर्षी मे महिन्यात नियम झाला. पण नियमात एक अट आहे आणि मला वाटतं घरच्या वायफायची अर्धी कहाणी त्या अटीत आहे: लायसन्स नको, पण तक्रार पण नको. दुसऱ्या यंत्राचा डिस्टर्बन्स आला तर तो सहन करायचा. म्हणून ओट्यावरचा मायक्रोवेव्ह चालू झाला की व्हिडिओ कॉल अडखळतो, ब्लूटूथचा माउस, शेजारच्यांचा राउटर, कॉर्डलेस फोन सगळे त्याच गल्लीत, आणि कुणाकडे दाद मागता येत नाही. वायफाय जन्मालाच आलं ते गर्दीत उभं राहायला.

या नियमाचा पहिला फायदा घ्यायला धावले कोण तर कॅश काउंटर बनवणारे. एनसीआर कंपनीला दुकानातली बिलिंगची मशीन वायरीशिवाय जोडायची होती, दुकानाची मांडणी बदलली की दर वेळी वायर टाकायला नको म्हणून. काम नेदरलँडमध्ये चाललं, आणि तिथले व्हिक हेस १९९० मध्ये सुरू झालेल्या ८०२.११ म्हणजे वायफायचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले, दहा वर्षं त्यांनी ती खुर्ची सांभाळली. भांडणं काय कमी झाली असतील, प्रत्येक कंपनीला आपलीच पद्धत हवी. १९९७ मध्ये पहिलं स्टँडर्ड आलं, वेग २ एमबीपीएस. १९९९ मध्ये ८०२.११बी, वेग ११.

त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कला स्टीव्ह जॉब्सने आयबुक दाखवला, लॅपटॉप हातात घेऊन स्टेजवर फिरत फिरत वेबसाइट उघडली, आणि वायर नाही हे दाखवायला लॅपटॉप एका रिंगमधून फिरवला, जादूगार फिरवतो तसा. कार्ड ९९ डॉलरचं, बेस स्टेशन २९९ चं. वायफाय घरात शिरलं ते तिथून. वायफाय हे नाव पण १९९९ चंच, कंपन्यांच्या संघटनेने इंटरब्रँड या ब्रँडिंग कंपनीकडून करून घेतलेलं, आणि ते कशाचंही संक्षिप्त रूप नाहीये.

एक गोष्ट मला फार आवडते ती इथे सांगायलाच हवी. घरातल्या भिंती, कपाटं, फरशी, सगळ्यांवर रेडिओ लहरी आपटून परत येतात, त्यामुळे एकच सिग्नल थोडा थोडा उशिरा चार वेळा पोचतो आणि सगळं एकमेकांत मिसळतं, मोठ्या हॉलमध्ये माइकवर बोललेलं घुमतं ना तसं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतले जॉन ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, १९७० च्या दशकात ते स्फोट पावणाऱ्या बारीक कृष्णविवरांचा सिग्नल शोधत होते. तो काही सापडला नाही, पण अंधुक, पसरलेला सिग्नल गणिताने साफ करायची त्यांची सवय नंतर खोलीतल्या घुमण्यावर कामाला आली. वेगवान डेटाचा एक प्रवाह पाठवायच्या ऐवजी तो अनेक संथ प्रवाहांत वाटायचा, म्हणजे प्रतिध्वनी आला तरी चालतं, या दिशेचं पेटंट त्यांच्या टीमने १९९० च्या दशकात घेतलं. पुढे त्यावरून मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००९ मध्ये चौदा कंपन्यांनी तडजोड करून पैसे मोजले. तुमचा लॅपटॉप आज आतल्या खोलीत चालतो त्यात या कृष्णविवरांचा वाटा आहे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झ लायसन्समुक्त केलं, ५ गिगाहर्ट्झचा काही भाग तेव्हा फक्त घराच्या आत वापरायला मिळाला, बाहेरसाठी आणि जास्त मोठा पट्टा मिळायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच २००५ च्या आसपास घरोघरी ब्रॉडबँड यायला लागलं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे! आणि केबलवाल्याकडून नेट घेतलेल्यांना मॅक बाइंडिंग आठवत असेल. एका कनेक्शनवर एकच कॉम्प्युटर चालावा म्हणून केबलवाला आपल्या कार्डाचा मॅक ॲड्रेस म्हणजे कार्डाचा ओळख नंबर त्याच्याकडे नोंदवून ठेवायचा, नवा लॅपटॉप आणला की त्याला फोन करून "दादा, मॅक बदलून द्या" म्हणून विनवायचं, आणि रविवारी तो फोन उचलायचा नाही. राउटरमध्ये अजूनही मॅक क्लोन नावाचं, नोंदवलेलाच मॅक पुढे दाखवणारं बटण असतं ते याच जमान्यातलं. आता उलटं झालंय, फोन आणि लॅपटॉप दर नेटवर्कला वेगळा खोटा मॅक दाखवू शकतात, कुणी माग काढू नये म्हणून, आणि कुणी हौशीने राउटरला मॅक फिल्टर (यादीतल्या मॅकलाच आत घेणारा) लावून ठेवला असेल तर नवा लॅपटॉप पासवर्ड बरोबर असून दारातच उभा राहतो.

पासवर्डची गोष्ट वेगळीच. सुरुवातीला वेप नावाचं वायफायचं कुलूप होतं, त्याची चावी ४० बिटची, कारण ९० च्या दशकात अमेरिकेतून मजबूत कुलूप बाहेर पाठवायला बंदी होती. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी ते कसं फुटतं ते लिहून दाखवलं आणि थोड्याच दिवसांत कुणालाही फोडता येईल अशी सॉफ्टवेअर आली. घाईघाईने २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणलं, टीकेआयपी पद्धतीचं, जुन्याच चिपवर चालावं म्हणून केलेली डागडुजी. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ एईएस या जास्त मजबूत पद्धतीसकट आलं, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३.

या डागडुजीचा त्रास आजही होतो. २००९ च्या ८०२.११एन पासून नियम असा की वेप किंवा टीकेआयपी लावलं असेल तर वरचा वेग मिळणारच नाही, ५४ एमबीपीएसवर अडकायचं. म्हणजे नवाकोरा लॅपटॉप, ३०० चा प्लॅन आणि स्पीड टेस्टमध्ये वीस-बावीस. कारण दहा वर्षांपूर्वी बसवायला आलेल्या मुलाने सेटिंगमध्ये टीकेआयपी निवडलं आणि कुणी परत बघितलंच नाही. एईएस केलं की सुटतं, नवं विंडोज तर अशा नेटवर्कला सुरक्षित नाही असं सांगतं पण.

आणि पासवर्ड नकोच म्हणणाऱ्यांसाठी २००८ विसरता येत नाही. जुलैत अहमदाबादला स्फोट झाले तेव्हाची धमकीची मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातलं उघडं वायफाय वापरून पाठवली गेली, त्या घरात राहणाऱ्या माणसाचा काही संबंध नसताना पोलीस त्याच्या दारात. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांना सांगितलं की ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून घ्या. बसवायला येणारा माणूस आज पासवर्ड टाकूनच जातो, त्यामागे हेही आहे.

आता लॅपटॉपच्या आतलं. २००३ पर्यंत वायफायचं कार्ड बहुतेक वेळा वेगळं घेऊन कडेच्या खाचेत खुपसायचं असायचं. त्या मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं, प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय एकत्र, भरपूर जाहिरात केली आणि मग वायफाय नसलेला लॅपटॉप कुणी घेईना. विमानात बंद करता यावं म्हणून कडेला सरकवायचं बटण असायचं, ते नंतर कीबोर्डवरच्या एफएन आणि विमानाचं चित्र असलेल्या बटणांत गेलं, आणि अजूनही चुकून दाबलं जातं. मला विचाराल तर पहिल्यांदा तेच बघा.

लिनक्सवाल्यांचा काळ तर फार कठीण गेला. कार्ड बनवणारे माहिती देत नसत, म्हणून एनडीआयएसरॅपर नावाचा जुगाड करून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचे. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये मोकळा ड्रायव्हर दिला तेव्हा लोकांना खरंच सण वाटला होता. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने तर २०२३ च्या आवृत्तीपासून कार्डांचं बंद फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्ये घातलं, त्याआधी मतदान घेऊन. तोपर्यंत नेट लावायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर आणायला नेट हवं असा पेच. तोच पेच आता विंडोज ११ नवं टाकताना येतो, सेटअप नेट मागतो आणि कार्डाचा ड्रायव्हरच नसतो. फोन यूएसबीने जोडून टेथरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, बहुतेक वेळा त्याने भागतं.

कनेक्टेड, नो इंटरनेट असं आलं तर मात्र रेडिओ ठीक आहे, घोळ पुढचा. आयपी ॲड्रेस बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच काहीतरी लावून घेतलं, ही सोय विंडोज ९८ पासूनची. १९२.१६८ असेल तर राउटरपर्यंत पोचलात, पुढे कंपनीची लाइन किंवा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). ताईकडे दिवाळीनंतर एकदा हेच झालं, गच्चीवरच्या खोक्यात फायबर दबली होती, आणि भाचीने १९२ बघून मला फोनवर सांगितलं, "मामा, लॅपटॉपचं नाहीये, लाइनचं आहे."

आता तिला पुढचा प्रश्न पडलाय. तिच्या कार्डात ६ गिगाहर्ट्झ आहे, वायफाय ६ई म्हणतात ते. अमेरिकेने २०२० च्या एप्रिलमध्ये तिथे १२०० मेगाहर्ट्झ एकदम मोकळे केले, २.४ चा अख्खा पट्टा साधारण ८३ चा आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा मसुदा निघाला तो मे २०२५ मध्ये. ताईचा राउटर २.४ आणि ५ चा, त्यामुळे सध्या ती हॉलमध्ये बसली की ५ वर असते आणि आतल्या खोलीत गेली की २.४ वर, चॅनल ६.