तापलेली डिस्क खरंच वाकते का?

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि लगेच निदान होतं, 'ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) तापून वाकली, बदलून टाका.' गाडी दामटून चालवणाऱ्यांत तर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पण ओतीव लोखंडाची डिस्क नुसत्या तापण्यानं वाकणं विरळाच.

बहुतेक वेळा होतं ते असं: अतिशय तापलेल्या पॅडचं (ब्रेक दाबल्यावर डिस्कवर घासणाऱ्या पट्टीचं) मटेरियल डिस्कवर सारखं न पसरता एखाद्या जागी जाड चिकटतं. वेगातून करकचून थांबलात आणि पेडल तसंच दाबून धरलंत, तर पॅडच्या आकाराचा काळपट डाग डिस्कवर चक्क दिसतो. जाडीतला हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा, तरी पायाला जाणवतो. दुर्लक्ष केलं तर तीच जागा जास्त तापत राहते आणि साधारण 650 अंश सेल्सिअसच्या पुढे तिथल्या लोखंडात सिमेंटाइट हा कठीण घटक तयार होतो. मग डिस्क वरवर घासून साफ केली तरी थरथर पुन्हा सुरू होते.

दुसरा गुन्हेगार हबवरचा, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागावरचा गंज. त्याच्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते आणि प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी झिजते. म्हणून डिस्क काढलीच आहे तर हब वायर ब्रशनं लख्ख करा आणि नट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क रेंचनंच (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळा. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, मध्यम जोराचे ब्रेक मारून डिस्कवर रुळू द्या. आणि नवी डिस्क घेण्याआधी जुनीला डायल गेज (फिरताना डिस्क किती डोलते ते मोजणारं उपकरण) लावून पाहाच!