लफबरोची घंटा-परंपरा

इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातील लफबरो या गावाची सांगीतिक ओळख मुख्यतः घंटांवर उभी आहे. पॅरिश चर्चच्या घंटा नव्याने ओतण्याच्या कामासाठी जॉन टेलर १८३९ मध्ये येथे आला आणि स्थायिक झाला; टेलर कुटुंबाची घंटा-ओतशाळा सध्याच्या जागी १८५९ च्या सुमारास आली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची सुमारे साडेसोळा टनांची ‘ग्रेट पॉल’ ही घंटा येथेच १८८१ मध्ये ओतली गेली.

घंटेचे कासे साधारण ७७ टक्के तांबे व २३ टक्के कथील असे असते. कथील वाढले, तर धातू ठिसूळ होऊन घंटा तडकते. साच्याच्या मातीत वाळू, चिकणमाती, घोड्याची लीद व बकऱ्याचे केस मिसळतात. त्यामुळे ओतताना वायूला वाट मिळते. साचा ओलसर राहिल्यास वाफेमुळे धातूत पोकळ्या राहतात व नाद बसका येतो.

लफबरोचे खरे वैशिष्ट्य पंचस्वरी मेळ हे आहे. घंटेच्या एका ठोक्यात अनेक नाद असतात. त्यांपैकी प्रमुख पाच आपल्या परिभाषेत मंद्र सा, मध्य सा, कोमल ग, प व तार सा असे जुळवतात. कोमल गंधारामुळे घंटेला करुण छटा येते. जुन्या इंग्रजी घंटांत मंद्र नाद बहुधा चढा व मध्य सा उतरता असे. घंटा उलटी ठेवून लेथवर आतून धातू खरवडतात, तसा स्वर उतरतो. एका पट्ट्यातील खरवड एकाहून अधिक स्वर हलवते, म्हणून थोडे कापून पुन्हा ऐकावे लागते. जास्त कापलेला धातू परत लावता येत नाही. अशी घंटा बहुधा पुन्हा ओतावी लागते.

या पद्धतीच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. कॅनन (चर्चमधील धर्मगुरू) आर्थर सिम्पसन यांचे घंटांच्या स्वरमेळावरील लेख १८९५-९६ मध्ये आले व सु. १८९६ पासून टेलरांनी ती अवलंबिली. काही जण तिला सिम्पसन यांचा शोध मानतात. परंतु नेदर्लंड्समध्ये घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी संगीतकार याकोब फान आइक यांच्या साह्याने सतराव्या शतकाच्या मध्यासच असा मेळ साधला होता. त्यामुळे याला पुनरुज्जीवन म्हणणे अधिक सयुक्तिक.

लफबरोच्या क्वीन्स पार्कमधील कॅरिलन (सुरात जुळवलेल्या अनेक घंटांचे वाद्य) मनोरा १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभा राहिला. वास्तुकार वॉल्टर टॅपर, उंची सुमारे ४६ मी., घंटा ४७. सर्वांत मोठी घंटा टेलर कुटुंबातील युद्धात पडलेल्या तीन भावांच्या नावे आहे. उद्‌घाटनासाठी एडवर्ड एल्गार यांनी स्वतंत्र रचना केली. येथे घंटा स्थिर असतात. वादक सैल मुठीने लाकडी दांडे दाबतो, तारा घंटेतील लोलक ओढतात. मोठ्या घंटांसाठी पायपट्ट्या असतात. चर्चच्या मनोऱ्यात मात्र दोराने चाक फिरवून घंटाच पूर्ण वर्तुळात झुलवतात.