फोर्कलिफ्ट पुढे कलंडली की आडवी पडली?

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा पट्ट्यातल्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ‘फोर्कलिफ्ट पलटली’ म्हटलं की चौकशी संपते. पण पुढे कलंडणं आणि आडवं पडणं यांचं कारण वेगळं, आणि जखमी होणारा माणूसही बहुधा वेगळा.

पुढे कलंडताना पुढचा अ‍ॅक्सल टेकू होतो. २ टनी गाडीची क्षमता मालाचा मध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांच्या) उभ्या पाठीपासून ५० सेंमीवर धरून दिलेली असते. टेकूपासून ती पाठ अंदाजे ४० सेंमी. म्हणजे हिशेब २००० किलो × ९० (४० + ५०) सेंमीचा. कापसाच्या गाठी दोन रांगांत लावल्या आणि मध्य ८० सेंमीवर गेला, तर तोच गुणाकार भागिले १२० (४० + ८०): उरले १५०० किलो. गाठ १७० किलोची, म्हणजे नवव्या गाठीला हद्द ओलांडली. हा ढोबळ हिशेब झाला. पाळायचा तो गाडीवरच्या पाटीचा आकडा. गाठी पकडायचा क्लॅम्प लावला असेल तर पाटी क्लॅम्पसह क्षमतेची हवी. माल जितका उंच, तितकी क्षमता कमी.

मागची चाकं उचलली की स्टिअरिंग गेलं, कारण वळतात तीच. अशा वेळी ‘मागे दोन हमाल बसवा’ हा सर्वांत घातक जुगाड. माल घसरला की मागचा भाग आपटतो आणि ते दोघे फेकले जातात. समोरून माणसं हटवून फोर्क हळू खाली घ्यावा; मध्येच झटक्याने थांबवला तर धक्का वाढतो.

आडवं पडायला जास्त माल लागत नाही. मागचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनवर डुलतो, त्यामुळे गाडीला आधार तिकोनी: पुढची दोन चाकं आणि ती पिन. रिकाम्या गाडीचं वजन काउंटरवेटमुळे (मागच्या जड ठोकळ्यामुळे) पिनकडे सरकतं, तिथे तिकोन अरुंद. म्हणून रिकामी गाडी जोरात वळवली तरी आडवी पडते. फोर्क वर असेल तर आणखी लवकर. पावसानंतर काँक्रीटच्या कडेवरून एक चाक काळ्या मातीत रुतलं, किंवा रॅम्पवर गाडी वळवली, तरी तेच.

इथे सापडतो ऑपरेटर. तो उडी मारतो आणि डोक्यावरचं छत त्याच्याच अंगावर येतं. बसून चालवायच्या गाडीत बेल्ट लावलेला हवा. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं. उभ्याने चालवायच्या, मागून उघड्या गाडीत मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं.

चालवताना फोर्क जमिनीपासून सुमारे १५ सेंमी, मास्ट (फोर्क वरखाली नेणारा उभा सांगाडा) मागे झुकलेला. भरली गाडी रॅम्पवरून रिव्हर्समध्येच उतरवायची, माल चढाच्या बाजूला.