कॉर्टिसॉलचे आधिक्य : ओळख व चाचण्या

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ गरजेपेक्षा जास्त राहिल्यास कुशिंग सिंड्रोम होतो. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली त्याचा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठीशी संबंध दाखवला. मात्र व्यवहारात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे बाहेरून घेतलेले स्टेरॉईड.

म्हणून सांगली-मिरजेच्या दवाखान्यातही पहिला प्रश्न औषधांचाच हवा. सांधेदुखीची पुडी, गुडघ्यातले इंजेक्शन, दम्याच्या गोळ्या, गजकर्णाचे मलम : यांत स्टेरॉईड असू शकते. मलमाला रुग्ण औषध समजतच नाही, त्यामुळे घरातली सगळी पिशवी घेऊन बोलवावे. पुडी सापडली तरी ती एकदम बंद करू नये : स्वतःच्या ग्रंथी मंदावलेल्या असल्याने रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

वजन, साखर, रक्तदाब वाढलेल्या प्रत्येकाची तपासणी करणे चूक. खोटे होकारार्थी निकाल फार येतात. खरी शंका घ्यावी ती पुढील खुणांवर : किरकोळ लागले तरी काळेनिळे डाग, लालसर गोल चेहरा, पोटावर एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे पट्टे, आणि उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणे. मुलांत वजन वाढते, पण उंची थबकते.

सोपी चाचणी डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉईडच्या गोळीची. रात्री ११ ते १२ दरम्यान १ मिलिग्रॅम (०.५ च्या दोन गोळ्या), सकाळी ८ ते ९ ला रक्त. निरोगी माणसात कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली उतरते. जत-आटपाडीच्या रुग्णाला पहाटे एसटीने सांगलीला धाडण्यापेक्षा रक्त तालुक्यालाच काढलेले बरे. वेळ टळली की निकालाचा अर्थ लागत नाही. क्षयावरील रिफॅम्पिसिन आणि फिटवरील फेनिटॉइन डेक्सामेथासोनचा शरीरातून लवकर निचरा करतात, त्यामुळे आकडा खोटा चढतो. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही चढतो. त्या सहा आठवडे आधी थांबवाव्यात.

दुसरा मार्ग रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याचा, दोन वेगळ्या रात्री. साखर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांना तो चालत नाही, कारण त्यांच्या शरीराचे घड्याळच उलटलेले असते. तंबाखू किंवा ज्येष्ठमध चघळणाऱ्यांतही आकडा फसवा येतो. तिसरा मार्ग चोवीस तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉलचा; तीत सकाळची पहिली टाकून द्यावी, दुसऱ्या दिवशीची पहिली धरावी. मूत्रपिंड निकामी असल्यास ही चाचणी खोटी कमी येते.

दोन वेगळ्या चाचण्यांचे निकाल बिघडलेले आल्यावरच एसीटीएच (अधिवृक्कांना कॉर्टिसॉल स्रवायला लावणारे पीयूषिकेचे संप्रेरक) पाहावे. मेंदूचा एमआरआय त्याआधी नको. पीयूषिकेत निरुपद्रवी लहान गाठी अनेक निरोगी लोकांतही असतात.