मायक्रोओहमचा आकडा चांगला, म्हणून ब्रेकर चांगला?

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा पट्ट्यातील उच्चदाब उपकेंद्रांतही ऐकू येणारा एक समज असा, की क्लोज स्थितीतील (म्हणजे प्रवाह वाहू देणाऱ्या) ब्रेकरचा, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, मायक्रोओहममध्ये मोजलेला संपर्करोध (संपर्कांचा विद्युतरोध) कमी आला म्हणजे आतले सगळे संपर्क ठीक आहेत. हे अर्धेच खरे आहे. एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायूच्या ब्रेकरमध्ये मुख्य संपर्क आणि उघडताना पेटणारा आर्क, म्हणजे विजेची ज्योत, झेलणारे आर्किंग संपर्क समांतर असतात. १०० अँपिअर डीसी सोडला तरी बहुतांश प्रवाह कमी रोधाच्या मुख्य संपर्कांतूनच जातो, त्यामुळे आर्क झेलून झिजलेले आर्किंग संपर्क त्या आकड्यात (तो कितीही देखणा असो) दिसतच नाहीत. त्यांची झीज कळते ती ब्रेकर उघडताना रोधाचा आणि संपर्काच्या हालचालीचा आलेख एकत्र घेतल्यावर: मुख्य संपर्क सुटल्यापासून आर्किंग संपर्क सुटेपर्यंतचे अंतर जितके आखूड, तितकी झीज अधिक. या डायनॅमिक (हालचाल चालू असतानाच्या) चाचणीसाठी ब्रेकरचे भाग सुटे करावेही लागत नाहीत.