पापडावर मोजा प्रकाशाचा वेग

परवा फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला, मायक्रोवेव्हमधल्या जेवणात रेडिएशन उतरतं म्हणून. अहो नाही उतरत! मायक्रोवेव्ह हे प्रकाशाचंच भावंड आहे, फक्त तरंगलांबी (लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) १२ सेंटीमीटरच्या आसपास. ओट्यावरच्या ट्यूबलाइटच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका पुडीत, मायक्रोवेव्हच्या फोटॉनच्या साधारण दोन लाख पट ऊर्जा असते, आणि ट्यूबलाइटला तर कोणी घाबरत नाही. मोबाईलला लावायचे अँटी-रेडिएशन स्टिकर विकणारे याच भीतीवर पैसे करतात, एक रुपयाही घालवू नका.

त्यापेक्षा एक मोठा उडदाचा पापड घ्या. ओव्हनमधली फिरणारी काचेची प्लेट आणि खालची रिंग काढा, मधल्या फिरणाऱ्या खुंटीवर तिला न टेकेल अशी साधी चिनी मातीची खोलगट ताटली उपडी ठेवा म्हणजे वरचा पापड फिरणार नाही, आणि वीसेक सेकंद लावा. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही, इथे पांढरे फोड, मध्येच कच्चा पिवळा पट्टा, परत फोड.

असं का होतं? लाट धातूच्या भिंतीवर आपटून परत फिरते, जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात, काही जागी त्यांची कायम बेरीज होते आणि काही जागी कायम वजाबाकी होऊन शून्य, म्हणजे लाट पुढे न सरकता जागच्या जागी थरथरते. हिला स्थिर तरंग म्हणतात. आता गल्लत होते ती इथे: शेजारशेजारच्या दोन जोरदार जागा उलट्या दिशेने थरथरतात, एक वर तेव्हा दुसरी खाली, पण पापड दोन्हीकडे सारखाच तापतो, त्यामुळे दोन फोडांमधलं अंतर म्हणजे पूर्ण नाही तर अर्धी तरंगलांबी.

पट्टीने मोजा, साधारण ६ सेंटीमीटर येईल (भिंती सगळ्या बाजूंनी असल्यामुळे नक्षी थोडी वेडीवाकडी असते, दोनचार ठिकाणी मोजून सरासरी काढा). दुप्पट केलं की ०.१२ मीटर. ओव्हनच्या मागे २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी हेलकावे. एका हेलकाव्यात लाट एक तरंगलांबी पुढे जाते, म्हणून दोन्हींचा गुणाकार करा, सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर! खरा आकडा २,९९,७९२. शेगडीवर पापड भाजून हे कधीच कळलं नसतं.

१८८८ च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहला हाइनरिख हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने रेडिओ लाटा घेऊन हेच केलं होतं. भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला, त्यावरून लाटा परतवल्या, आणि बारीक फट ठेवलेलं तारेचं एक कडं हातात धरून त्या फटीतली ठिणगी कुठे मोठी होते, कुठे विझते हे तो जागोजाग बघत फिरला.