कलाकारांना मोफत कायदेशीर सल्ला : पार्श्वभूमी

कलाकारांसाठी वकिलांनी आपला वेळ फुकट द्यायचा, ही पद्धत संघटित स्वरूपात १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि हळूहळू अमेरिकेतल्या इतर शहरांत पोहोचली. भारतात तशी देशभराची व्यवस्था उभी राहिली नाही. इथे चित्रकार असो, गायक असो की छायाचित्रकार, त्याला गोरगरिबांसाठीच्या सर्वसाधारण विधी सेवेकडेच जावे लागते. ही सेवा कलाकार डोळ्यांपुढे ठेवून आखलेलीच नव्हती, आणि आजच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीचा अनुच्छेद ३९-अ आला, १९८७ मध्ये ही मदत पुरवणाऱ्या सरकारी यंत्रणेसाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो प्रत्यक्ष लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. त्याआधीचा एक योग लक्षात घेण्याजोगा आहे. १९७३ मध्ये मोफत कायदेशीर मदतीबाबतचा अहवाल देणाऱ्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठावर होते. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा हक्क निर्मात्याकडे जातो, असा निकाल त्या पीठाने दिला. याच न्यायमूर्तींनी निकालाला पुरवणी जोडून गायकांच्या वाट्याला काहीच येत नसल्याची खंत नोंदवली आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. गायकांसारख्या सादरकर्त्यांचे हक्क कायद्यात आले १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येणार नाही, ही तरतूद त्यानंतर २०१२ ची. म्हणजे हक्क वाढत गेले, पण ते समजावून सांगणाऱ्या माणसाची सोय मागेच राहिली.

खरा गुंता १९८७ च्या कायद्यातच आहे. त्याच्या कलम २ मधील व्याख्येनुसार ‘विधी सेवा’ म्हणजे फक्त कोर्टात वकील देणे नव्हे. कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे हेही तीत स्पष्ट शब्दांत आहे. कलम १३ मात्र म्हणते की पात्र व्यक्तीकडे दावा करण्यासाठी किंवा बचावासाठी प्रथमदर्शनी प्रकरण आहे, अशी प्राधिकरणाची खात्री पटली पाहिजे. आता सहीसाठी आलेला करार घेऊन एखादी चित्रकार गेली, तर तिच्याकडे ‘प्रकरण’ कुठे असते? फसवणूक अजून व्हायची असते. कलम १३ चा अर्थ ताणून धरला, तर सल्ला मिळण्यासाठी आधी नुकसान सोसावे लागेल. कायदा करणाऱ्यांना हे अभिप्रेत असेल असे वाटत नाही. कलम १३ ची अट वकील नेमून प्रकरण चालवण्यापुरती आणि व्याख्येतला सल्ला सर्व पात्र व्यक्तींसाठी खुला, हे वाचन अधिक सरळ आहे. २०१० च्या विनियमांनी प्राधिकरणाच्या कार्यालयात पॅनेलवरचे (प्राधिकरणाच्या यादीतले) वकील आणि विधी स्वयंसेवक बसवले ते याच दिशेने. तरीही खिडकीवर पहिला प्रश्न बहुधा ‘केस कुठे आहे?’ असाच येतो. म्हणून अर्जात ‘माहिती हवी’ एवढेच लिहू नये. ‘सोबतच्या कराराच्या अमुक कलमामुळे माझ्या हक्कांवर काय परिणाम होईल, यावर कलम २ नुसार सल्ला हवा’ असे नेमके लिहावे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे, कारण त्यावर अपील करता येते.

पात्रतेबद्दलचे गैरसमजही जुने आहेत. कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे चांगली कमाई असलेली नर्तिकाही पात्र ठरते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. कलाकाराचे उत्पन्न एका वर्षी चढते, दुसऱ्या वर्षी आटते, आणि दाखल्यासाठी त्याला तहसीलचे हेलपाटे घालावे लागतात. पण कलम १३ मध्येच म्हटले आहे की उत्पन्नाबाबतचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल. हे उपकलम अर्ज घेणाऱ्यालाही दाखवावे लागते. प्राधिकरणाचे कार्यालय सहसा न्यायालयाच्या आवारातच असते. फोनने विचारायचे तर १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे.

पॅनेलवरच्या वकिलांचा रोजचा राबता फौजदारी, कौटुंबिक आणि अपघात भरपाईच्या प्रकरणांत असतो, कॉपीराइटशी गाठ क्वचितच पडते. त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली दोन कलमे स्वतः काढून न्यावीत. कलम १७ : मोबदला देऊन कोणी छायाचित्र, चित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतले आणि वेगळे काही ठरले नाही, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहकच. कलम १९ : हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीचे हवे; मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द करारात का घुसवतात, ते इथे कळते. सोबत करार, ईमेल, बिले, कामाच्या तारखा असलेल्या मूळ फायली आणि एका पानावर घटनाक्रम न्यावा. तोंडी हकिकतीतच अर्धा तास गेला, की सल्ल्याला वेळ उरत नाही.

खाजगी वकील शोधणे अवघड जाते, त्यामागे वकिलांच्या आचारसंहितेतले दोन नियम आहेत. वकिलाने जाहिरात करायची नाही, त्यामुळे ‘कलाविषयक कायदा’ अशी पाटी कुठे दिसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, त्यामुळे ‘जिंकलो तर टक्का’ हा मार्गही बंद. उरतात विधी महाविद्यालयांची मदत केंद्रे. २००८ च्या शिक्षण नियमांनी ती प्रत्येक महाविद्यालयावर बंधनकारक केली. विद्यार्थी कोर्टात उभे राहू शकत नाहीत, पण करार वाचून देणे आणि नोटिशीचा मसुदा करणे ही कामे शिक्षकांच्या देखरेखीखाली नीट होतात. परीक्षेच्या हंगामात मात्र ही केंद्रे ओस पडतात.

न्यायालयात गेल्यास किती काळ जातो, याचे ठळक उदाहरण दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाचे. ते १९७९ मध्ये उतरवले गेले, दावा १९९२ चा आणि निकाल २००५ चा : शिल्पकाराला ५ लाख रुपये भरपाई आणि अवशेष परत. २०१८ पासून ३ लाखांच्या वरच्या व्यावसायिक वादांत, तातडीचा आदेश मागितला नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती विधी सेवा प्राधिकरणांमार्फतच होते, पण फुकट नाही. शुल्क दोन्ही पक्षांनी निम्मे-निम्मे भरायचे.

नुसते मानधन अडकले असेल तर २००६ चा सूक्ष्म व लघु उद्योगांचा कायदा अधिक उपयोगी पडतो. ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते, आणि या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे वकिलाशिवाय तक्रार करता येते. अट एकच : उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) काम स्वीकारण्याआधीची हवी. नोंदणी विनामूल्य आहे; बिल थकल्यावर केली तर दावा तिथेच अडतो.